साखरेच्या डब्यात लवंगा कशाला?

कप्पेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. बस डेपोच्या सुट्या भागांच्या गोदामात त्यांनी उभी हयात काढली. तिथल्या फिटर मंडळींनी पाठीमागे ठेवलेलं हे नाव हळूहळू तोंडावरही येऊ लागलं आणि साहेबांना त्यात राग येण्यासारखं काही दिसलं नाही. गोदामात भिंतभर कप्पे होते. नट नटांत, बोल्ट बोल्टांत, वॉशर वॉशरांत. गॅस्केटच्या कप्प्यात चुकून एखादा स्क्रू सापडला, तर साहेब तो टाकणाऱ्या फिटरला बोलावून घेत, स्क्रू त्याच्या तळहातावर ठेवत आणि शांतपणे म्हणत, "हा घरचा रस्ता चुकलाय. पोचवून ये." फिटर मनातल्या मनात चार शिव्या हासडायचा आणि पोचवून यायचा.

अशा माणसाला एके दिवशी दोन भाषणं ऐकवून आणि एक भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवण्यात आलं. गोदामाला नवा माणूस मिळाला, साहेबांना मात्र नवं गोदाम मिळालं नाही. उरलं ते एकच, दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर, आणि तिथला सगळा कारभार वहिनींकडे. वहिनी म्हणजे साहेबांची बायको. अख्खी इमारत त्यांना वहिनी म्हणते, तेव्हा आपणही तेच म्हणू.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, तसं साहेबांचं झालं. वहिनी दुधावर नजर ठेवून उभ्या असल्या की हे मागे येऊन भांड्यांच्या मांडणीकडे बघत राहायचे आणि विचारायचे, झाकणं एकीकडे आणि भांडी दुसरीकडे असं का? वहिनी काही बोलायच्या नाहीत, पण दूध उतू जायचं. साहेबांनी बिजागऱ्यांना तेल घातलं, खुंट्या एका रेषेत आणल्या, खिडकीच्या गजांचा गंज खरवडला. मग करण्यासारखं काही उरलं नाही. बसायला खिडकीजवळची खुर्ची तेवढी होती.

त्याच सुमारास मुलीला बाळ झालं आणि वहिनी महिन्याभरासाठी तिच्याकडे निघाल्या. दारात चप्पल घालता घालता त्यांनी सांगितलं, "माझ्या माघारी घर आहे तसं राहू द्या. कशाला हात लावू नका. तेवढं केलंत तरी पुष्कळ झालं."

वहिनींच्या मनात तसं काही नव्हतं, पण साहेबांना ते लागलं. ज्या माणसानं दोनशे बसगाड्यांचे सांधे सांभाळले, त्याला स्वतःच्या घरात काय काम, तर काही न करणं. आपला ह्या घराला काही उपयोग आहे, हे वहिनी परत यायच्या आत दाखवून द्यायचंच, असं त्यांनी वहिनींना खाली सोडून परत जिना चढता चढता ठरवलं. उपयोग कसा दाखवायचा ते मात्र अजून ठरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा करायला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच साखरेचा डबा उघडला. चमच्यात साखरेबरोबर एक लवंग आली.

साहेबांनी ती चिमटीत धरून उजेडात बघितली. लवंगच होती. त्यांनी साखर परातीत ओतली, तर आणखी तीन निघाल्या. गोदामाच्या माणसाला अशा वेळी एकच गोष्ट सुचते. त्यांनी शेजारचा डबा उघडला. तांदळात सुक्या मिरच्या. पुढचा उघडला. मिठात तांदूळ. पिठात तमालपत्र. त्यांनी फ्रीज उघडला, तर दुधाच्या मागे वाटीत कोळसे. कपाटात चादरींच्या घड्यांमध्ये अंगाला लावायचा साबण, वेष्टनासकट. शिवणाच्या डब्यात दुसरा साबण, त्याला टाचण्या टोचलेल्या. मुलीच्या लहानपणच्या चांदीच्या वाटी-चमच्याबरोबर चक्क खडू. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे. आणि ओट्याखालच्या खणात दात घासायचा ब्रश.

साहेब परातीपुढे खाली बसले. हा निष्काळजीपणा नव्हता. वहिनी निष्काळजी असत्या तर भांडी अशी घासलेली नसती. मग हे काय? आणि त्यांना आठवलं, गेल्या महिन्यात वहिनी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधत होत्या. तेव्हा साहेब पोट धरून हसले होते. आता त्यांना हसू येईना. डेपोतल्या एका जुन्या ड्रायव्हरचं असंच सुरू झालं होतं. आधी डबा विसरायचा, मग चपला फ्रीजमध्ये ठेवायला लागला, आणि शेवटी बायकोला विचारायचा, तुमचा थांबा कुठला?

आपली बायको हरवत चालली आहे आणि आपण तिच्या भांड्यांच्या मांडणीतल्या चुका काढत बसलो, ह्या विचारानं साहेबांना चहा गेला नाही. त्यांनी मुलीला फोन लावला. घरात दुसरं कोणी नसतानाही आवाज खाली आणून ते म्हणाले, आईकडे जरा लक्ष ठेव, तिला विसरायला होतंय, वस्तू भलतीकडेच ठेवते. तिला मात्र कळू देऊ नकोस. मुलगी आधी हसली, मग म्हणाली की ठेवते लक्ष.

इकडे साहेबांनी बाह्या सरसावल्या. आता हात लावायचा नाही वगैरे प्रश्नच उरला नव्हता. लवंगा मसाल्याच्या डब्यात गेल्या, मिरच्या मिरच्यांत, मिठातले तांदूळ एकेक वेचून तांदळात. वर्तमानपत्राचे बोळे उलगडून, हातानं इस्त्री केल्यासारखे सपाट करून रद्दीत. कोळसे कचऱ्यात. खडू टेबलावरच्या पेनांजवळ. टाचण्या डबीत, साबण मोरीत. ब्रश दात घासायच्या पेल्यात, आपल्या भाईबंदांत. काम संपलं तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि प्रत्येक वस्तू जिथली तिथं होती. गोदामाच्या मोठ्या साहेबांनी येऊन तपासलं असतं तरी बोट ठेवायला जागा मिळाली नसती.

दोन दिवस शांततेत गेले. तिसऱ्या दिवशी आंघोळ करताना साहेबांच्या पाठीत टाचणी घुसली. साबणात एक राहून गेली होती.

मग मुंग्या आल्या. आधी खिडकीतून एक बारीक रेघ, मग ओट्यावरून रस्ता, मग साखरेच्या डब्यावर जत्रा. साहेबांनी फडक्यानं पुसल्या, त्या फडक्यावर चढल्या. डबा वर ठेवला, त्या वर गेल्या. दरम्यान मिठाचा दगड झाला. भाजीत घालायला साहेब तो उलथन्याच्या टोकानं फोडायचे, त्यामुळे भाजी कधी अळणी तर कधी तोंडात धरवणार नाही अशी व्हायची. फ्रीज उघडला की कालचा, परवाचा आणि त्याच्या आदल्या दिवसाचा असे सगळे वास एकदम बाहेर यायचे. तांदळात किडे झाले. बूट दारात ठेवले तर शेजाऱ्यांनी दार लावून घेतलं. चांदीची वाटी काळवंडली. जिथं पूर्वी कधी काही झालं नव्हतं त्या घरात पंधरवड्यात सगळंच एकदम बिघडायला लागलं, आणि तेही सगळं जागच्या जागी असताना. साहेबांच्या उभ्या आयुष्याच्या तत्त्वज्ञानालाच हा धक्का होता.

मुलीचा रोज फोन यायचा आणि रोज नवी बातमी असायची. "बाबा, तुम्ही म्हणालात ते खरं आहे. शेजारच्या खोलीला रंग दिलाय ना, तर आईनं तिथं बादलीत कांदे चिरून ठेवलेत. विचारलं तर म्हणते, असू दे." दुसऱ्या दिवशी, आईनं मेणबत्त्या फ्रीजमध्ये ठेवल्या. मुलीनं आता आईला रोज सकाळी आज वार कोणता ते विचारायला सुरुवात केली होती. मधूनच ती पाढेही म्हणायला लावायची, बाळाला ऐकवायचे म्हणून. जावई एका डॉक्टरची वेळ घेत होता. फोन ठेवला की साहेब खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे आणि मुंग्यांकडे बघत राहायचे.

शेवटी मुंग्यांनी गादी गाठली तेव्हा साहेबांनी हाय खाल्ली आणि ते खालच्या मजल्यावर शिंपीणबाईंकडे गेले. ह्या बाई वहिनींच्या जुन्या मैत्रीण. जिन्याखालच्या खोलीत त्यांचं मशीन, गळ्यात कायम टेप, तोंडात कायम दोन टाचण्या, आणि त्या टाचण्यांमधून त्या बोलायच्याही. साहेबांनी मुंग्यांचं औषध विचारलं. बाई म्हणाल्या, "औषध कशाला? वहिनींच्या डब्यात लवंगा असतात की."

साहेब म्हणाले, "असायच्या. मी काढल्या."

"का?"

"साखरेच्या डब्यात लवंगा कशाला?"

बाईंनी मशीन थांबवलं. तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या. "लवंगेच्या वासानं मुंग्या येत नाहीत, भावजी."

साहेबांनी हळूच विचारलं, आणि मिठातले तांदूळ? ते ओल शोषतात. मिरच्या? किडे लागत नाहीत. कोळसा? वास ओढून घेतो. बुटातला कागदही तसाच. चादरीतला साबण? सुवास. टाचण्यांचा साबण? साबणात टोचलेली टाचणी जाड कापडातही सुळकन जाते, हे बघा माझ्याकडे. खडू चांदीला काळी पडू देत नाही. पिठातल्या तमालपत्राबद्दल विचारल्यावर बाई म्हणाल्या, ते का घालतात ते मलाही ठाऊक नाही, पण घालतात. एवढं सगळं काढलंत की काय? साहेबांनी मान हलवली. बाईंना हसू आवरेना. हसता हसता त्यांच्या गळ्यातला टेप खाली पडला आणि शिवायला आलेल्या एका झग्यावर त्यांनी डोळे पुसले.

"आणि ओट्याखालच्या खणातला ब्रश?" साहेबांनी शेवटी विचारलं.

"हिरवा? तो नळाच्या मागच्या खाचा घासायला."

साहेबांचा स्वतःचा ब्रशही हिरवाच होता. पेल्यात दोन्ही शेजारी शेजारी उभे होते, आणि आपण रोज त्यातला कोणता उचलतो हे त्यांना आता काही केल्या सांगता येईना. बाईंच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी तोंड फिरवून मशीन पुन्हा सुरू केलं.

जिना चढताना साहेबांना आधी हलकं वाटलं. वहिनी ठणठणीत होत्या. त्यांचं डोकं इतकं जागेवर होतं की मिठापासून बुटापर्यंत सगळं घर त्यात मावत होतं. साहेबांना चौथ्या पायरीवर अगदी रडू यायच्या बेतात होतं, इतका त्यांना आनंद झाला. आठव्या पायरीवर त्यांना मुलीची आठवण झाली.

त्यांनी धावत जाऊन फोन लावला. अगं, आईला काही झालेलं नाही, ते कांदे रंगाचा वास जायला असतील, मेणबत्त्या गार केल्या की जास्त वेळ जळत असतील, ह्या सगळ्या तिच्या युक्त्या आहेत. मुलगी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "बाबा, तुम्हाला वाईट वाटतंय, मला समजतं. पण असं झाकून ठेवून चालत नाही. परवा आम्ही सगळेच येतोय. आईला घरात वावरताना मला बघायचंय." फोन बंद झाला. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

पुढचे दोन दिवस साहेबांनी घर पुन्हा पूर्वीसारखं करण्यात घातले. कुठल्या डब्यात काय होतं हे त्यांना बिनचूक आठवत होतं, चूक झाली ती प्रमाणात. गोदामाच्या माणसाला चारावर विश्वास नसतो, त्याला साठा हवा असतो. साखरेत त्यांनी पसाभर लवंगा घातल्या. तांदळात तांदूळ कमी आणि मिरच्या जास्त झाल्या. मिठात इतके तांदूळ पडले की शिजवलं असतं तर एका माणसाचं जेवण झालं असतं. बुटांत एकेक अख्खं वर्तमानपत्र कोंबलं. मुंग्या मात्र गेल्या. लवंगांच्या त्या वासात माणूसही फार वेळ उभा राहू शकत नव्हता.

मंडळी आली. मुलीच्या खांद्यावर बाळ, मागे वहिनी, त्यांच्या हातात पिशव्या. साहेबांनी बाळाला डोळे भरून बघितलं आणि ते चहा करायला गेले. बाळ गादीवर झोपलं, सगळे स्वयंपाकघरात टेबलाभोवती बसले आणि मुलीनं पहिला घोट घेतला. तिच्या जिभेला मुंग्या आल्या. ती उठली, तिनं साखरेचा डबा उघडला आणि त्यात बघितलं. मग तिनं साहेबांकडे बघितलं, आणि त्या बघण्यात लिहिलं होतं, पाहिलंत ना?

ती आईजवळ जाऊन, लहान मुलाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "आई, साखरेत ह्या लवंगा तू घातल्या होत्यास का गं?"

वहिनींनी हसून डब्यात डोकावलं. "हो, मीच..." आणि त्या थांबल्या. डब्यात साखर दिसत नव्हती. त्यांनी बोटानं लवंगा इकडेतिकडे केल्या. गेले पंधरा दिवस रोज सकाळी कोणीतरी त्यांना वार विचारत होतं, पाढे म्हणवून घेत होतं आणि उत्तर दिल्यावर फार प्रेमानं शाबासकी देत होतं. माणसाला उगीच कोणी शाबासकी देत नाही. वहिनींच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "मी इतक्या घातल्या होत्या?"

साहेबांनी वहिनींना रागावलेलं पाहिलं होतं, रडताना पाहिलं होतं. घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. गप्प बसलं असतं तर त्यांचं सगळं निभावलं असतं, झाकली मूठ सव्वा लाखाची. घरात त्यांना कामही मिळालं असतं, बायकोवर लक्ष ठेवण्याचं, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत त्यांना कोणी पुन्हा बसवलं नसतं.

"तू चारच घातल्या होत्यास," ते म्हणाले. "बाकीच्या माझ्या आहेत."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. परातीपासून टाचणीपर्यंत, मुंग्यांपासून शिंपीणबाईंच्या टेपापर्यंत. ब्रशाचं सुद्धा सांगितलं, खरं तर ते गाळता आलं असतं. मुलीनं मधे कपाळाला हात लावला तो शेवटपर्यंत काढलाच नाही. वहिनी ऐकत होत्या आणि त्यांचा रंग हळूहळू परत येत होता, येताना राग घेऊनच आला.

"म्हणजे हिनं मला रोज वार विचारला तो तुमच्यामुळे? बाराचा पाढा म्हटला मी, जावयासमोर!"

साहेब टेबलाच्या कडेवरून बोट फिरवू लागले.

"बायकोला वेड लागलं असं वाटलं आणि तुम्ही काय केलंत? डबे आवरत बसलात?"

"मला दुसरं काही येत नाही," साहेब म्हणाले. "वाटलं, पुढंमागं तुला आठवेनासं झालं, तरी वस्तू तरी जागेवर सापडायला हव्यात. हात घातला की मीठ मिठात, साखर साखरेत. सगळंच एकदम हरवायला नको."

आतल्या खोलीत बाळ कुरकुरलं, म्हणून मुलगी उठून गेली. तिला जायला तेवढं निमित्त हवंच होतं. वहिनींनी आपल्या पेल्यातला तो भयंकर चहा उचलला आणि एक घोट घेतला, आणि आश्चर्य म्हणजे गिळलाही. मग डबा साहेबांपुढे सरकवला.

"चार ठेवा, बाकीच्या काढा," त्या म्हणाल्या. "आणि नीट लक्षात ठेवा. उद्या मी खरंच विसरले, तर किती घालायच्या ते मला सांगायला कोणीतरी हवं."

साहेबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला, आणि साखरेतून एकेक लवंग वेचायला घेतली.